खाच तळाला, तडा पोटात

तक्रार साधी होती: वरच्या मजल्यावर बाथरूमच्या दाराशी चाललं की जमीन दबते. खालून छताचा पत्रा काढला आणि कारण समोरच आलं. सांडपाण्याचा 50 मिलिमीटरचा पाइप नेण्यासाठी ओळीने तीन कड्यांना (जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडांना) खालून खाचा मारल्या होत्या, त्याही गाळ्याच्या, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराच्या, मधोमध. कड्या 240 मिलिमीटर उंचीच्या, 50 जाडीच्या, गाळा 3.6 मीटरचा. खाच 90 मिलिमीटर खोल. मधल्या कडीत खाचेच्या कोपऱ्यापासून तंतूंच्या दिशेने हातभर तडा गेला होता. दोरी ताणून मोजलं तर तिथे झोल 14 मिलिमीटर.

कडीची वाकण्याविरुद्धची ताकद उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलते. 240 पैकी 150 उरले, म्हणजे त्या जागी ताकद जेमतेम 39 टक्के. त्यातून वाकण्याचा जोर सगळ्यात जास्त मधोमधच, आणि ताण सोसणारे तंतू तळाशी, म्हणजे नेमके तेच तोडलेले. करवत कोपऱ्याच्या पुढे पाचसहा मिलिमीटर गेली होती आणि तडा तिथूनच सुरू झाला. खाच मारायचीच तर आधी कोपऱ्यात 12 मिलिमीटरचं भोक पाडून करवत त्या भोकापाशी थांबवावी. गोल कोपऱ्यातून तडा सहज सुटत नाही.

तोच पाइप उंचीच्या मध्यावर 60 मिलिमीटरच्या भोकातून गेला असता तर फार काही बिघडलं नसतं. वर दाब, खाली ताण, मधले तंतू जवळपास रिकामे. अगदी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, म्हणजे 80 मिलिमीटरचं भोक मध्यावर पाडलं तरी त्या जागी ताकद चारेक टक्केच घटते. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेची कमाल मर्यादा तीच आहे: व्यास उंचीच्या एक तृतीयांश, भोकाची कड वरच्या-खालच्या काठापासून आणि शेजारच्या भोकापासून किमान 50 मिलिमीटर दूर. खाच उंचीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल नको (इथे 40 मिलिमीटर), लांबी उंचीच्या एक तृतीयांशाच्या आत, आणि गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात खाच अजिबात नाही. टोकाला एक चतुर्थांश चालते. टोकाची खाचही मी तळाला देत नाही, कारण टेकूपाशी तिच्या कोपऱ्यातून लाकूड आडवं फाटतं. हे सगळं अखंड लाकडासाठी. आय-आकाराच्या कडीच्या वरच्या-खालच्या पट्टीला करवत लावायचीच नाही.

दुरुस्तीला आधी बाथरूम रिकामं केलं. कड्यांखाली आडवी तुळई धरून दोन स्क्रू जॅक लावले आणि पाव-पाव फेऱ्याने उचललं. वर्षानुवर्षं वाकलेलं लाकूड घाईत सरळ होत नाही. जबरदस्ती केली तर वरच्या टाइल्स तडकतात. झोल 5 वर आला, तिथे थांबलो. जुना पाइप काढून प्रत्येक कडीला तेवढ्याच उंचीची वाळलेली नवी कडी जोडली, दोन्ही टोकं भिंतीवर टेकतील अशी पूर्ण लांबीची. नुसता तुकडा ठोकून दिला की भार पुन्हा त्या दुखऱ्या जागेवरच जातो. मध्ये गोंद आणि दर 400 मिलिमीटरला, एक वर एक खाली असे, 12 मिलिमीटरचे बोल्ट, मोठ्या वायसरसह. नव्या कडीचा नैसर्गिक बाक वर ठेवला.

पाइपची वाटही बदलली. कड्यांना समांतर नेता आला असता तर भोकंच लागली नसती, पण उतरती लाइन दुसऱ्या बाजूला होती. मग भोकं भिंतीपासून 1.1 मीटरवर घेतली. ब्रिटिश पद्धतीत भोकांसाठी टेकूपासून गाळ्याच्या 0.25 ते 0.4 हा पट्टा सांगतात, तो मला पटतो: वाकणंही कमी, टेकूपासून अंतरही पुरेसं. कड्या 400 मिलिमीटर अंतरावर आणि पाइपचा उतार 50 ला 1, म्हणून प्रत्येक पुढचं भोक 8 मिलिमीटर खाली. अखंड पाइप भोकांतून ओवता येत नाही. दोन कड्यांच्या मध्ये मावतील असे तुकडे घेतले आणि ते कपलरने जोडले.

काटकोनी ड्रिल कमी वेगावर, बाजूचं हँडल कडीला टेकवून. गाठीत किंवा खिळ्यात होल सॉ (भोक पाडणारी वाटीसारखी गोल करवत) अडकला की मनगट पिरगळतं. मधलं बारीक टोक पलीकडे दिसलं की थांबून दुसऱ्या बाजूने यावं, म्हणजे कड फुटत नाही.

गोंद वाळल्यावर दुसऱ्या दिवशी जॅक हळूहळू सोडले. दोरीवर 5 चे 6 झाले.