दोन झाल्या की तीन?

दुपारी घरात कुणी नसताना शेजारच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि हातातले काम थांबवून मी आपसूक मोजू लागलो, तेव्हाच माझ्या वेबकॉमिकचा नवा भाग तयार झाला असे म्हणायला हरकत नाही. कुकर माझा नव्हता, डाळ माझी नव्हती, तरी दुसरीनंतर तिसरी शिट्टी होईपर्यंत मला चैन पडेना. गोष्ट चार चौकटींची. फोनवर बोलता बोलता आई विचारते, "अरे, दोन झाल्या की तीन?" कानांत इअरफोन घातलेला मुलगा म्हणतो, "कसल्या?" आजोबा दोनवर ठाम. शेवटच्या चौकटीत खिडकीतून शेजारणीचा आवाज येतो, "वहिनी, तीन झाल्या, बंद करा!"

सुचायला वेळ लागला नाही, काढायला लागला. व्यंगचित्रांतला कुकर बहुधा बॉम्बसारखा फुगलेला, थरथरणारा असतो आणि मला तो मुळीच आवडत नाही. खरा कुकर, आतले पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असतानाही, अत्यंत सभ्यपणे शेगडीवर बसलेला असतो; शिट्टी जराशी वर उचलली जाते, वाफ सुटते आणि पुन्हा सारे शांत. झाकण आतून बसणारे काढावे की बाहेरून बसणारे, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरात जे झाकण, त्या घराला दुसरे परकेच वाटते. मी आतून बसणारे काढले, कारण आमच्या घरी तेच होते. याहून चांगले कारण माझ्यापाशी नाही.

संवादांचे फुगे हे देवनागरीत काम करणाऱ्याचे जुने दुखणे. इंग्रजी कॉमिक्समधला मजकूर बहुधा कॅपिटल अक्षरांत असतो, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटून बसतात. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, म्हणून मध्ये जागा सोडावी लागते, आणि फुगा वाढत वाढत पात्रांच्या डोक्यावर टेकतो. 'बालू'सारखे गुबगुबीत, मोकळे फॉन्ट आता विनामूल्य मिळतात, तरी मी अक्षरे हातानेच काढतो. वैतागलेल्या आईचे आणि खिडकीतून ओरडणाऱ्या शेजारणीचे अक्षर एकच असावे, हे मला पटत नाही. जागेवर खरा उपाय शब्द कमी करण्याचाच. शि. द. फडणीस यांची शब्दांवाचून हसवणारी चित्रे आठवली की माझा प्रत्येक फुगा मला उधळपट्टी वाटू लागतो.

त्याहून अवघड काम म्हणजे शेवटची चौकट लपवणे. 'सकाळ'मध्ये १९९१ साली 'चिंटू' सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. पेपर हाती आला की माझे डोळे आधी शेवटच्या चौकटीवर जात, आणि मग पहिलीपासून वाचल्याचे सोंग करावे लागे. छापील पानावर याला इलाज नाही, कारण सगळ्या चौकटी एकदमच समोर असतात. 'आवाज'च्या दिवाळी अंकाने मात्र इलाज शोधला होता: खिडकी चित्रे. वाचनालयातून आलेला तो अंक आमच्याकडे मोठ्यांच्या उशाखाली असे. दुपारी सगळे झोपले की मी तो अलगद ओढून काढी. अनेक घरांतून फिरून आल्यामुळे खिडकीची कड मऊ पडलेली असे. कापलेल्या चौकोनातून भलतेच काहीतरी दिसते आहे असे वाटे आणि पान उलटले की तिथे अगदी साधासुधा प्रसंग निघे. विनोद मला फारसा कळत नसे. पान उलटण्यापूर्वीची घालमेल मात्र पुरेपूर कळत असे.

आता मोबाइलवर एका वेळी एकच चौकट दिसते आणि पुढची पाहायला अंगठा सरकवावा लागतो, म्हणजे ती खिडकी मला आयतीच मिळाली आहे. म्हणून शेजारणीच्या आधी मी एक पाचवी, बिनशब्दांची चौकट घातली: सगळे घर पुढच्या शिट्टीसाठी कान देऊन थांबले आहे. ऐकणारी माणसे काढणे कठीण असते, कारण कान काही करत नाहीत. डोळे किंचित वर जातात, हात आहे तिथे थांबतो, तोंड अर्धवट उघडे राहते. आजोबांचा हात पुन्हा पुन्हा खोडत असताना माझ्या लक्षात आले की ही बैठक मी पाहिलेली आहे. आजीच्या शेवटच्या रात्री आम्ही सगळे तिच्या खाटेभोवती असेच बसलो होतो, तिचा एक श्वास झाला की पुढच्याची वाट पाहत, आणि कुणीही कुणाला काही विचारत नव्हते.

चौकट तशीच ठेवली आहे. वाचणाऱ्याला तिथे कुकरच दिसावा, आणि तो दिसेलही. अंगठा सरकला की शेजारीण ओरडणारच आहे.