सेकंदाला ११ मेगाबाइट

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड स्कॅन करायचं काम आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी करतो. कागद इतका जुना झालाय की उलटताना पान घडीवर तुटतं. एकदा नीट आलेलं स्कॅन पुन्हा तसंच मिळेल याची खात्री नाही. म्हणून खंड पूर्ण झाला की फाइली त्याच संध्याकाळी कपाटातल्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर, गेल्याच पाहिजेत, असा नियम आम्ही ठरवला. नॅसमध्ये दोन हार्ड डिस्क रेड-१ पद्धतीने लावल्यात. एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहतं.

पण नियम पाळणं अवघड व्हायला लागलं, कारण कॉपी संपायचीच नाही. ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन करून टिफ या चित्राच्या फॉरमॅटमध्ये साठवलं की कॉम्प्रेशनशिवाय २६ मेगाबाइटची फाइल होते. ३०० पानांचा खंड म्हणजे ७.८ जीबी. आमच्याकडे वेग होता सेकंदाला ११ मेगाबाइट, म्हणजे एका खंडाला जवळपास १२ मिनिटं. दिवसभरात चार-पाच खंड झाले की तास जायचा. कुलूप लावायची वेळ झाली की मंडळी नाइलाजाने फाइली स्कॅनिंगच्या संगणकावरच ठेवून घरी जायची. मला खुपायचं ते हे. ज्या पानांची जगात दुसरी प्रत असेलच असं नाही, त्यांचं स्कॅन रात्रभर एकाच डिस्कच्या भरवशावर.

सल्ले भरपूर मिळाले. नॅसमध्ये हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी टाका, रॅम वाढवा, राउटर बदला. वाचनालयाचा पैसा वर्गणीतून येतो. म्हणून खजिनदार काकांना मी आधीच सांगितलं, "काका, नेमकं कुठे अडतंय ते मोजून सापडेपर्यंत काही घ्यायचं नाही."

पहिला धागा कॉपीच्या खिडकीतच होता. वेगाचा आलेख आखून काढल्यासारखा सपाट होता, ११च्या थोडा वर, शेवटपर्यंत. डिस्क दमते तेव्हा आलेख सहसा वरखाली होतो. सुरुवातीला उडी मारतो, मग कोसळतो, पुन्हा सावरतो. इतकी सरळ रेघ दिसली की वाटेत कुठेतरी ठाम मर्यादा आहे असं समजावं. आणि ११ हा आकडा बोलका आहे. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलींचा मेगाबाइटमध्ये, आणि ८ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिटच्या जोडणीतून कागदोपत्री १२.५ मेगाबाइट निघतात. पॅकेटांचा वरखर्च वजा केला की हातात ११ ते ११.८ उरतात. गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या जोडणीवर हाच आकडा ११० ते ११८ असतो.

पण सगळ्या केबली जिथे एकत्र येतात तो आमचा स्विच गिगाबिटचा, नॅस गिगाबिटचं, संगणकाचं इथरनेट पोर्टही गिगाबिटचं. मग १०० आले कुठून? विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड पाहिला तर १००/१००. नॅसच्या पानावर मात्र १०००. म्हणजे नॅसपासून स्विचपर्यंत सगळं ठीक, अडचण स्विच आणि संगणकाच्या मधे.

खात्रीसाठी दोन्ही टोकांना आयपर्फ३ चालवलं. हा छोटा प्रोग्राम डिस्कला हातच लावत नाही, एका मेमरीतून दुसऱ्या मेमरीत नुसता डेटा ढकलतो, त्यामुळे फक्त नेटवर्कचं खरं कळतं. उत्तर आलं ९४ मेगाबिट. १०० मेगाबिटच्या धडधाकट जोडणीवर टीसीपीचा, म्हणजे डेटा पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीचा, वेग एवढाच येतो. मग माझा लॅपटॉप एका छोट्या पॅच कॉर्डने थेट स्विचला लावला, तर ९४१. आता संशयाला एकच जागा उरली, भिंतीवरून केसिंग-कॅपिंगमधून गेलेली केबल.

वायरिंग करणाऱ्या दादांना बोलावलं. ते आले आणि म्हणाले, "सर, नेट तर चालतंय की!" त्यांचं बरोबर होतं. वाचनालयाचा इंटरनेट प्लॅनच ५० मेगाबिटचा आहे. १००ची मर्यादा त्याला कधी आड आलीच नाही, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. आतल्या आत, संगणकावरून नॅसवर मोठी फाइल पाठवायची वेळ आली तेव्हाच ती उघडी पडली.

भिंतीवरची डबी उघडली. आठपैकी चारच तारा पंच केलेल्या, म्हणजे खाचेत दाबून जोडलेल्या: नारिंगी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी जोडी मागे वळवून टेप लावून ठेवलेली. दादांनी लगेच ओळखलं. पूर्वी त्या खोलीत कॅमेरा होता आणि त्याला १२ व्होल्टचा करंट याच केबलच्या मोकळ्या जोड्यांतून दिला होता. १०० मेगाबिट इथरनेट १, २, ३ आणि ६ या चारच पिनांवर चालतं, तेव्हा कॅमेऱ्यासाठी ही सोय योग्यच होती. पुढे कॅमेरा दुसरीकडे गेला, तारा तशाच राहिल्या.

गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. आठही तारांतून डेटा दोन्ही दिशांनी एकाच वेळी धावतो. १९९९मध्ये मंजूर झालेल्या मानकापासून हे असंच आहे. पण दोन जोड्या नसल्या तरी जोडणी तुटत नाही. बरीच उपकरणं गिगाबिट जमत नाही असं दिसलं की आपणहून १००वर उतरतात. एररही दाखवत नाहीत, दिवाही लुकलुकत राहतो. मला हे फार घातक वाटतं. बंद पडलेली गोष्ट लगेच दुरुस्त होते, अर्ध्या ताकदीने चालणारी वर्षानुवर्षं तशीच राहते.

दादांनी तारेचं टोक चाकूने खरवडून पाहिलं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं तर आत पांढरं दिसलं असतं आणि सगळी केबल बदलावी लागली असती. आमची निघाली अस्सल तांब्याची, गिगाबिटला चालणारी कॅट-५ई. मग दोन्ही टोकं कापून आठही तारा रंगांच्या क्रमाने नव्याने पंच केल्या, जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त न सोडता. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले. लिंक स्पीड १०००, आयपर्फवर ९४१, आणि त्याच खंडाच्या टिफ फाइली सेकंदाला ११० मेगाबाइटने जाऊ लागल्या. १२ मिनिटांचं काम सव्वा मिनिटावर आलं. एसएसडीची गरज नव्हतीच. साध्या हार्ड डिस्कलाही सलग मोठी फाइल लिहायला गिगाबिटपेक्षा जास्त वेग असतो.

तरीही एक फोल्डर रांगतच होतं. स्कॅनवरून आम्ही टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने मराठी मजकूर काढतो, त्यामुळे प्रत्येक पानाची एक टेक्स्ट फाइल आणि एक छोटं चित्र तयार होतं. असंख्य फाइली, प्रत्येक काही किलोबाइटची. इथे तारेचा काहीच संबंध नाही. विंडोज आणि नॅस ज्या पद्धतीने फाइली देतात-घेतात त्या एसएमबीवर प्रत्येक फाइलसाठी उघड, लिही, तारीख नोंदव, बंद कर असे निरोप जातात-येतात. नॅसची डिस्क दरवेळी हेड हलवते आणि संगणकावरचा अँटिव्हायरस मधे थांबवून तपासतो. हजारो पोस्टकार्डं एकेक करून खिडकीवर रजिस्टर करण्यातला हा प्रकार. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला हवी ती जागा नुसती फिरून हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद लागतात, आणि फाइलींची संख्या मोठी असली की तेवढ्यातच वेळ संपतो.

यावर दोन उपाय लागू पडले. रोजच्या कामासाठी विंडोजमधलाच कॉपीचा प्रोग्राम रोबोकॉपी, त्यातल्या एमटी या पर्यायाने एकाच वेळी अनेक फाइली पाठवायच्या. आणि खंड कायमचा बंद झाला की त्याचा सगळा मजकूर टारने एका फाइलीत बांधून मगच नॅसवर. विंडोज १०मध्ये २०१८पासून टार आयतंच आहे. दुसरा उपाय मला जास्त आवडला, कारण एका फाइलीचा एसएचए-२५६, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढून दोन्हीकडे जुळवणं सोपं पडतं. आता प्रत जुळल्याशिवाय संगणकावरचं मूळ कुणी पुसत नाही. वेळ वाचल्यामुळेच ही तपासणी परवडते.

वाचन कक्षातली केबलही त्याच काळातली आहे. तिथला लिंक स्पीड पाहिला, तोही १००. पुढच्या रविवारी दादा पंचिंग टूल घेऊन येणार आहेत.