सात हजारांचा वेग आणि साडेतीनशे जीबीचं लग्न

एका लग्नाचं फुटेज माझ्याकडे साधारण ३५० जीबी येतं. हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन. तीन कॅमेरे आणि त्यातला एक जवळजवळ अखंड चालू. अकोल्यात मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. यंदा फेब्रुवारीतच माझी ५०० जीबीची जुनी साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली, मेमरी चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क) गळ्यापर्यंत भरली आणि मेच्या तारखा तर तोंडावर आलेल्या. म्हणून १ टीबीची जेन ४, म्हणजे चौथ्या पिढीची, एनव्हीएमई एसएसडी आणली; ही साटापेक्षा बरीच वेगवान असते. खोक्यावर ठळक आकडे होते : वाचन ७,००० एमबी प्रति सेकंद, लेखन ६,०००.

लग्न पुन्हा लागत नाही. फुटेज गेलं तर त्या घराला ते कुणीच परत देऊ शकत नाही. त्यामुळे ठरवलं, आधी पंधरा दिवस हिची परीक्षा घ्यायची, मगच कुणाचं काम तिच्यावर ठेवायचं.

पहिल्या दिवशी फक्त खरेपणा पाहिला. विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसले, ते बरोबरच आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये वापराचे तास आणि आतापर्यंतचं लेखन पाहिलं, दोन्ही जवळपास शून्य. म्हणजे माल वापरलेला नव्हता. मग एच२टेस्टडब्ल्यू हे तपासणीचं साधन लावून ती काठोकाठ भरली आणि परत वाचून ताडून घेतली. बनावट मालात क्षमता खोटी दाखवलेली असते, ती इथेच उघडी पडते.

दुसऱ्या दिवशी वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क लावलं. वाचन ३,४८०. माझा भाचा सुट्टीत हाताशी असतो, तो म्हणाला, "मामा, डब्ब्यावर तं सात हजार लिहेल हाये!" दोष एसएसडीचा नव्हता. मदरबोर्डवर एम.२ चे, म्हणजे अशी एसएसडी बसवायचे, दोन स्लॉट आहेत. वरचा थेट प्रोसेसरला जोडलेला आणि जेन ४ चा, खालचा चिपसेटमार्फत आणि जेन ३ चा. जेन ३ च्या चार लेनमधून, म्हणजे डेटाच्या वाटांमधून, ३,५०० च्या आसपासच निघतं, एसएसडी कितीही वेगवान असो. स्लॉट बदलला आणि आकडा ६,९४० वर गेला. मदरबोर्डचं माहितीपुस्तक खरेदीच्या आधी वाचायला हवं, हे तेव्हा कळलं.

पण या वरच्या स्लॉटची एक अडचण आहे, ती पुढे सांगतो.

आता मुख्य चाचणी. क्रिस्टलडिस्कमार्क मुळात १ जीबीची फाइल घेऊन पाच वेळा मोजतं. माझं लग्न आहे ३५० जीबीचं. तेवढं सलग लिहायला लावल्याशिवाय स्वभाव कळणार नाही म्हणून एफआयओ हे मोफत साधन घेतलं, ४०० जीबी सलग लिहायला लावले आणि वेगाचा आलेख पाहत बसलो. सुमारे २२० जीबीपर्यंत वेग ५,००० च्या वर होता. मग तो एकदम १,३०० वर उतरला आणि शेवटपर्यंत तिथेच रेंगाळला.

असं का होतं, ते आमच्याकडच्या माणसाला जिनिंगचं उदाहरण देऊन चटकन समजतं. कापसाच्या गाड्या आल्या की आधी जिनिंगच्या आवारात मोकळा ढीग ओततात. गाडी दहा मिनिटांत रिकामी. त्याच्या गाठी नंतर सावकाश बांधल्या जातात. या एसएसडीतल्या टीएलसी मेमरीच्या एका पेशीत तीन बिट बसतात. त्यासाठी विद्युतभाराच्या आठ पातळ्या अचूक सांभाळाव्या लागतात आणि त्याला वेळ लागतो. म्हणून ती आधी मोकळ्या पेशींत एकेकच बिट घाईने लिहून घेते, याला एसएलसी कॅश म्हणतात. काम थांबलं की मग तोच मजकूर तीन-तीन बिटांनी दाबून बसवते. आवार भरलं की मात्र प्रत्येक गाडीला गाठ बांधून होईपर्यंत थांबावं लागतं. आणि आवारातच गाठी रचून ठेवल्या तर पुढच्या ढिगाला जागाच कमी.

ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली, म्हणून एसएसडी ८५ टक्के भरून उरलेल्या जागेत तशीच चाचणी पुन्हा केली. या वेळी वेगवान टप्पा ४० जीबीतच संपला आणि नंतर वेग ६०० च्या खाली गेला. तीच एसएसडी, तेच साधन. खोक्यावर यातलं काहीच नसतं.

मग कागद घेऊन माझ्या रोजच्या कामाचा हिशेब मांडला आणि चित्र पुन्हा पालटलं. फुटेज येतं मेमरी कार्डावरून. माझ्या कार्डांचा वेग प्रत्यक्षात ९० एमबी प्रति सेकंद. १२८ जीबीचं कार्ड उतरवायला जुन्या एसएसडीवरही २४ मिनिटं लागायची, नवीवरही २४च. अडथळा कार्डाचा आहे, त्यात ७,००० चा काही उपयोग नाही. ४के फुटेज १०० मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. तीन कॅमेरे एकाच वेळी टाइमलाइनवर चालवले तरी चाळीसच्या आतच. एक्स्पोर्टचा वेळही बदलला नाही, कारण तिथे भार प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर असतो.

मग फायदा कुठे झाला? दोन हजार क्लिपांचा प्रकल्प उघडताना, छोटी चित्रं आणि आवाजाच्या लहरी तयार होताना, टाइमलाइनवर मागेपुढे उड्या मारताना. तिथे सलग वेग लागत नाही. लहान लहान तुकडे किती पटकन हाती येतात, ते लागतं. चाचणीत तो आकडा सगळ्यात खाली असतो, चार केबीचे तुकडे एकामागून एक वाचण्याचा. जुन्या साटाचा ३४ एमबी होता, हिचा ७४. सात हजारांपुढे ७४ किरकोळ दिसतात, पण बसल्या बसल्या हाताला जाणवतात ते हेच दुप्पट. माझ्या मते एसएसडी निवडताना आधी हा आकडा पाहावा. हिच्यात स्वतःची डीरॅम, म्हणजे वेगवान तात्पुरती मेमरी, नाही. कुठला डेटा कुठे ठेवला याचा नकाशा ती संगणकाच्या रॅममध्ये थोडी जागा मागून घेऊन तिथे ठेवते. माझ्या कामात त्याची उणीव मला जाणवली नाही.

आता वरच्या स्लॉटची अडचण. तो नेमका ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला आहे. मार्चअखेरीस दुपारी तीनला, खोलीत ४० अंश असताना, कूलर बंद ठेवून मुद्दाम एक्स्पोर्ट आणि सलग लेखन एकत्र चालवलं. एसएसडीचं तापमान ८३ अंशांवर गेलं आणि वेग करवतीच्या दात्यांसारखा खालीवर होऊ लागला. गरम झालं की एसएसडीचा कारभार पाहणारा कंट्रोलर स्वतःच हात आखडता घेतो. जळण्यापेक्षा ते बरं. मदरबोर्डसोबत आलेली ॲल्युमिनियमची पट्टी, म्हणजे हीटसिंक, बसवली, तिच्या खालच्या पॅडवरचं प्लास्टिक आठवणीने काढलं, कॅबिनेटला समोर एक पंखा वाढवला. तीच दुपार, तेच काम, आता ७१ अंश. खालच्या जेन ३ स्लॉटमध्येही घालून पाहिली, तिथे ६२ च्या पुढे गेली नाही आणि कामात फरक डोळ्यांना दिसला नाही. मे महिन्यात ती तिथेच ठेवायची असं मी ठरवलं. अर्धा वेग सोडला, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात मला तोच सौदा शहाणपणाचा वाटतो.

आयुष्याची भीती मात्र बरीचशी अनाठायी निघाली. वॉरंटीत ६०० टीबी लेखन दिलं आहे. एका लग्नामागे फुटेज, प्रीव्ह्यू, एक्स्पोर्ट धरून ७०० जीबी लिहिले जातात. वर्षाला चाळीस लग्नं म्हणजे २८ टीबी. या हिशेबाने एकवीस वर्षं. त्याच्या कितीतरी आधी मी ती बदललेली असेन.

खरी काळजी लाईट जाण्याची. घरगुती एसएसडीत, वीज गेल्यावर हातातलं लेखन पुरं करण्यापुरता साठा देणारे कपॅसिटर सहसा नसतात, ते सर्व्हरसाठीच्या महागड्या एसएसडीत असतात. आमच्याकडे उन्हाळ्यात वाऱ्याची एक वावटळ आली की लाईट जाते. म्हणून यूपीएसची थकलेली बॅटरी त्याच आठवड्यात बदलली. आणि जुनी लग्नं कपाटात ठेवायला मी अजूनही हार्डडिस्कच वापरतो. फ्लॅश मेमरीतला विद्युतभार वीज न मिळता पडून राहिला की हळूहळू झिरपतो, पेशी झिजलेल्या असतील आणि जागा गरम असेल तर लवकर. आमचं कपाट मेमध्ये हाताला गरम लागतं.

या पंधरा दिवसांत दोन गोष्टी भिंतीवर कागदावर लिहून लावल्या : २०० जीबी कायम रिकामे आणि पडताळणी झाल्याशिवाय कार्ड परत नाही. मेमधलं पहिलं लग्न बार्शीटाकळीचं होतं. तीन कार्डं उतरवली, हार्डडिस्कवर दुसरी प्रत केली आणि दोन्ही प्रतींच्या चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या संख्या, कार्डांशी जुळवल्या. भाच्याने वहीत तापमान लिहिलं, ५९. मग विचारलं, "मामा, देऊ का आता?" मी दोन्ही फोल्डरमधली मंगलाष्टकांची क्लिप एकदा उघडून पाहिली आणि कार्डं फोटोग्राफरच्या माणसाच्या हाती दिली.