जर्मनीतलं आमचं चर्च, भुसावळकरांसाठी

सुट्टीत भुसावळला आलो की मंडळी हमखास विचारतात, "तिकडे तर सगळे ख्रिस्तीच, रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसेल!" जागा भरपूर असते. 2024 अखेर जर्मनीत सुमारे 1 कोटी 98 लाख कॅथलिक होते, पण रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, शंभरातले सहा-सातच जातात. त्या एका वर्षात तीन लाखांहून जास्त लोकांनी चर्चमधून नाव काढून घेतलं.

इथे नाव असणं म्हणजे सरकारदरबारी नोंद. राहायला आलात की पालिकेच्या कचेरीत पत्त्याबरोबर धर्मही लिहायचा. कॅथलिक लिहिलं की पगारातून चर्चचा कर कापला जातो. स्टुटगार्टमध्ये तो आयकराच्या 8 टक्के, बहुतेक राज्यांत 9. पैसा आहे, फादर कमी. म्हणून तीन-चार चर्च मिळून एक फादर आणि मिस्सा आळीपाळीने. आमचे फादर केरळचे आहेत. असे भारतीय फादर जर्मनीत बरेच आहेत.

गर्दी बघायची तर क्रोएशियन लोकांच्या मिस्सेला जावं. जर्मनीने कामगार आणण्याचे करार केले, इटलीशी 1955 मध्ये, युगोस्लाव्हियाशी 1968 मध्ये; क्रोएशिया तेव्हा युगोस्लाव्हियातच होता. कारखान्यांत आलेली ती माणसं इथेच राहिली, आणि आज त्यांची नातवंडं त्यांच्याच भाषेतली भजनं म्हणतात. तिथे मागे उभा राहिलो की मला भुसावळच आठवतं. आपलं चर्चही रेल्वेने आणलेल्या माणसांनीच भरलं: गोव्याचे, मंगळूरचे, तमिळ, मल्याळी, अँग्लो-इंडियन आणि नगरकडचे मराठी ख्रिस्ती. बदली झाली की एक घर जायचं, दुसरं यायचं. पहिल्याच रविवारी चर्चच्या आवारात कुणीतरी विचारणारच, "कोणतं क्वार्टर मिळालं?" आणि संध्याकाळी त्या घरी डबा पोचलेला असायचा. नाशिक धर्मप्रांत केवढा मोठा, नगरपासून नंदुरबारपर्यंत, पण कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे आपल्या फादरांना ठाऊक असायचं.

इथे शांतीची खूण म्हणून शेजारी प्रेमाने हात मिळवतो, आणि मिस्सा संपली की गाडीत बसून निघून जातो. महिनोन्‌महिने कुणी नाव विचारत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

यंदा उन्हाळ्यात चर्चच्या जत्रेला आम्ही भरीत केलं. जळगावची हिरवी वांगी कुठून आणणार? काळी जांभळी घेतली, सॉसेज भाजतात त्या जाळीवर भाजली, ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात आणि शेंगदाणे घातले. एका क्रोएशियन आजींनी चाखून लगेच सांगितलं की त्यांच्याकडेही भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या आणि वांग्यांचं आयवर करतात. मग त्या तासभर बसल्या. घर, मुलं, गुडघेदुखी, सगळं बोलून झालं.

आता त्या आजी, आम्ही आणि आणखी एक घर, अशा तीन घरांनी ठरवलंय: नवं कुटुंब दिसलं की त्याच रविवारी जेवायला न्यायचं. खाजगी माहितीच्या कायद्यामुळे ऑफिसातून नव्या लोकांची यादी मिळत नाही. म्हणून मिस्सा संपली की आमच्यातलं एक जण दाराशी उभं राहतं आणि अनोळखी माणसाला थांबवून नाव विचारतं.