पणजीच्या फोटोची पावती

पणजीचा फोटो एका संग्रहालयाला भेट द्यायचा, एवढंच काम. त्याला चौदा महिने लागले. त्यातले अकरा एकाच टेबलावर गेले आणि ते टेबल आठवलं की अजूनही डोकं तापतं.

फोटो परभणीच्या घरात बैठकीत असायचा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली राजा दीनदयाळ यांच्या सिकंदराबादच्या स्टुडिओचं नाव छापलेलं. दीनदयाळ निजामाचे दरबारी छायाचित्रकार, आणि परभणी तेव्हा निजामाच्याच राज्यात. पाठीमागे पेन्सिलीने मोडीत दोन ओळी: पणजीचं नाव आणि शके 1817, म्हणजे 1895-96.

संग्रहालयाच्या तज्ज्ञ बाईंनी भिंगातून पाहून अर्ध्या तासात सांगितलं, ही त्याच काळातली प्रत आहे, निगेटिव्हवरून नंतर काढलेली नाही. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला पातळ कागद, भिंगाखाली त्याचे धागेसुद्धा दिसतात. असा फोटो ओल्या फडक्याने कधीही पुसू नका.

मग फाईल त्या टेबलावर गेली.

"खरेदीची पावती?"

म्हटलं, साहेब, विकत घेतलेला नाही, घरातल्या बाईने स्टुडिओत जाऊन काढून घेतलाय.

"मग तो तुमचाच कशावरून? सक्सेशन सर्टिफिकेट आणा."

वकिलांकडे गेले. ते म्हणाले, 1925 च्या भारतीय वारसा कायद्याखालचं हे प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी असतं: बँकेतली ठेव, शेअर्स. भिंतीवरच्या फोटोसाठी ते नाही. तसं लेखी घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले, तर साहेब रजेवर. पुढच्या खेपेला त्यांची बदली झालेली. नव्या मॅडमनी फाईल पहिल्या पानापासून वाचली आणि विचारलं, "पावती कुठेय?" मी जिन्यात येऊन रडले. सव्वाशे वर्षं चार पिढ्यांनी जपलेली वस्तू आमची नाही, असं कुणी तोंडावर म्हणावं, हे सहन होत नव्हतं.

सुटका केली बेळगावच्या आत्याने. फोनवर सगळं ऐकून म्हणाली, "अगं, माझ्या लग्नाच्या ग्रुपफोटोत मागे भिंतीवर आजीच आहे की!" 1958 चा फोटो. नवरीच्या डोक्यामागे, दार आणि कॅलेंडर यांच्यामध्ये तीच फ्रेम. डावा कोपरा उडालेला, आजही तसाच आहे. तो मोठा करून लावला, मोडी वाचून घेतलेला मजकूर जोडला आणि सगळ्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र दिलं. वारस मोजताना आत्यांना विसरू नका, मुलींचाही हक्क असतो. आमची एक सही राहिली, त्यात तीन आठवडे गेले.

आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. फ्रेमवाला "पुठ्ठा सडलाय, नवा लावून देतो" म्हणाला होता. आई नको म्हणाली म्हणून वाचलो. स्टुडिओचं नाव, मोडीतल्या ओळी, सगळं त्या पुठ्ठ्यावरच होतं. जुना फोटो कुणाच्याही हातात देण्याआधी मागची बाजू स्कॅन करून ठेवा.

नोंदवहीत 'पूर्वीचे मालक' या रकान्यात आधी फक्त बाबांचं नाव लिहिलं होतं. मी तिथेच बसून राहिले. मॅडमनी शेवटी पेन उचललं आणि सगळ्यात वर पणजीचं नाव घातलं.