पोटाच्या घडीखालचं दुखणं आणि क्लेमचे अकरा महिने

सांगलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे साडेपाचला तवे चढतात ते अकरापर्यंत उतरत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली, जठराचा मोठा भाग काढून टाकतात ती. तेव्हा वजन ११२ किलो होतं, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं मोजमाप, ४७. बीएमआय ४० च्या पुढे असला की ही शस्त्रक्रिया पॉलिसीत बसते, त्यामुळे तो क्लेम विनातक्रार मंजूर झाला. दीड वर्षात मी ६८ किलोवर आले. शुगरची गोळी बंद झाली, गुडघे मोकळे झाले. पोटाची कातडी मात्र रिकाम्या पिशवीसारखी मांडीपर्यंत लोंबत राहिली.

त्या घडीखाली काय होतं ते कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. तव्यासमोर घाम आला की तो तिथंच अडकतो. आधी खाज, मग लाल चट्टे, मग कातडी सोलून चिघळतं आणि वास येतो. मी सुती फडकं दुमडून आत ठेवायची आणि दिवसातून चार वेळा बदलायची. मेडिकलमधून कुणालाही न विचारता मलम आणायची. त्यात स्टेरॉइड होतं हे मला फार उशिरा कळलं. अशा मलमानं चार दिवस बरं वाटतं आणि नंतर बुरशी आणखी पसरते. घरात कुणाला दाखवलं नाही. यांनाही नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये थंडी वाजून १०३ ताप आला आणि पोटाखालचा भाग लालभडक झाला. तेव्हा सासूबाईंनीच, म्हणजे आमच्या आत्यांनी, लुगड्याच्या मऊ कापडानं पुसून बघितलं आणि त्या एकदम गप्प झाल्या. मिरजेला चार दिवस ॲडमिट होते, सलाइनमधून अँटिबायोटिक दिली. निदान लिहिलं होतं सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालच्या थरात पसरलेला जंतुसंसर्ग. त्या चार दिवसांचं बिल कंपनीनं कॅशलेस भरलं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "ताई, ही कातडी काढल्याशिवाय हे थांबायचं नाही." नोव्हेंबरमध्ये प्लास्टिक सर्जनना दाखवलं आणि कॅशलेससाठी अर्ज गेला. त्याच दिवशी नकार आला: ही कॉस्मेटिक, म्हणजे फक्त दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया आहे, वगळणी (विम्यात न बसणारी बाब) क्रमांक ०८. एजंटांना फोन केला तर ते म्हणाले, "वहिनी, प्लास्टिक सर्जरी कुठलीच कंपनी देत नाही, सोडून द्या."

माझ्या मुलीनं सोडलं नाही. तिनं पॉलिसीचं पुस्तक काढून ते कलम मला दोनदा वाचून दाखवलं. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, अशा नेहमीच्या वगळण्या सगळ्या कंपन्यांसाठी एकाच शब्दांत ठरवून दिलेल्या आहेत. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळत नाही, पण त्याला अपवाद आहेत: अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, आणि विमाधारकाच्या आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी लागणारा उपचार. ही गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेली असली पाहिजे. म्हणजे दार बंद नव्हतं. एजंटांनी कलमाची पहिलीच ओळ वाचली होती.

मग अर्जाची प्रत मागवली. हॉस्पिटलच्या विमा डेस्कवरच्या मुलानं शस्त्रक्रियेच्या रकान्यात 'टमी टक' असं लिहिलं होतं. सेल्युलायटिसचं डिस्चार्ज कार्ड जोडलंच नव्हतं. टमी टक म्हणजे ॲब्डोमिनोप्लास्टी. त्यात पोटाचे स्नायू आवळतात आणि बेंबी नव्या जागी बसवून पोटाला आकार देतात. मला सांगितली होती ती पॅनिक्युलेक्टॉमी, म्हणजे फक्त लोंबणारी कातडी आणि तिच्यातली चरबी काढणं. दोन्हीत चीर जवळजवळ एकाच जागी येते, हेतू मात्र वेगळा. सर्जनबाईंनी स्वतःहून सांगितलं की दोन बाळंतपणांनी स्नायूही सैल झालेत, त्याच वेळी आवळता येतील, पण तो भाग विम्यात बसवता येणार नाही. मी नको म्हटलं. मला ती जखम बंद व्हायला हवी होती.

खरी अडचण निघाली ती माझ्या लपवण्यातून. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, डॉक्टरांचा प्रश्न होता की शस्त्रक्रियेशिवाय कोणते उपचार करून पाहिले आणि ते किती दिवस केले. दीड वर्ष मी सोसलं होतं, पण माझ्याकडं एक चिठ्ठी नव्हती. मेडिकलवाला पावतीवर दुखणं लिहीत नाही. त्या रात्री मी रडले, कारण आपलं दुखणं आपणच पुसून टाकलं असं वाटलं.

दुसऱ्या आठवड्यापासून त्वचारोगतज्ज्ञांकडं जायला लागले. तीन महिने, दर पंधरा दिवसांनी. बुरशीवरच्या गोळ्या, मलम, पावडर, घडी कोरडी ठेवण्याच्या सूचना; प्रत्येक वेळी केसपेपरवर जखमेची लांबी, स्राव, वास, सगळं लिहून घेतलं. गोळ्या संपल्या की आठ दिवसांत पुन्हा तेच, तेही लिहून घेतलं. फोटो काढायचे होते, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि घडी वर उचलून. सर्जनबाईंनी नर्सला बोलावलं, पडदा ओढला, चेहरा फोटोत येणार नाही हे आधीच सांगितलं. उभी राहिले तेव्हा पाय थरथरत होते. पण सांगते, ते पाच फोटो नसते तर पुढचं काहीच झालं नसतं.

सर्जनबाईंनी दोन पानी पत्र लिहिलं. आधीचं आणि आत्ताचं वजन, वजन स्थिर असल्याची नोंद, घडी मांडीच्या वरच्या भागापर्यंत येत असल्यानं ग्रेड ३, औषधांनी गुण न आल्याच्या तारखा, आणि सेल्युलायटिस पुन्हा होण्याचा धोका. कलमातलेच शब्द त्यांनी वापरले, थेट आणि तातडीचा धोका. दिसण्याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅशलेस पुन्हा नाकारलं. पण कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. आधी पैसे भरून नंतर मागता येतात. बिल होणार होतं पावणेदोन लाखांच्या आसपास. आत्यांनी कपाटातून आपल्या पाटल्या काढून यांच्या हातात दिल्या. पतसंस्थेत त्या गहाण ठेवल्या, बाकीचे भिशीतून उभे केले.

शस्त्रक्रिया अडीच तास चालली, ३ किलो २०० ग्रॅम कातडी निघाली. जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या नऊ दिवस होत्या आणि पोटाला पट्टा सहा आठवडे. पहिले काही दिवस कमरेत वाकून चालावं लागतं. केंद्र महिनाभर जाऊबाईंनी सांभाळलं.

मार्चमध्ये कागद दिले, एप्रिलमध्ये नकार आला. एकच ओळ होती, कॉस्मेटिक. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार केली. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही घातली. महिनाभरात समाधान झालं नाही की विमा लोकपालांकडं, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडं, जाता येतं. फी नाही, वकील चालत नाही, आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. आमचा भाग पुण्याच्या कार्यालयाकडं येतो, ते नारायण पेठेत आहे. जूनमध्ये अर्ज केला, सप्टेंबरमध्ये सुनावणी लागली.

सकाळच्या एसटीनं मुलीला घेऊन गेले. कंपनीचे प्रतिनिधी आणि त्यांचे डॉक्टर समोर बसले होते. डॉक्टर म्हणाले, वजन उतरल्यावर कातडी लोंबणं हा आजार नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी ऑगस्टचं डिस्चार्ज कार्ड आणि त्या बिलाचं मंजुरीपत्र शेजारी शेजारी ठेवलं. म्हटलं, साहेब, याच घडीतल्या जखमेसाठी यांनी चार दिवसांचं बिल भरलंय. तेव्हा तो आजार होता, मग त्याचं मूळ काढलं तर ते नटणं कसं? आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं. लोकपालांनी फोटो पाहिले, सर्जनबाईंचं पत्र वाचलं आणि कंपनीच्या डॉक्टरांना विचारलं की पेशंटला तुम्ही तपासलंत का. त्यांनी तपासलं नव्हतं.

निकाल माझ्या बाजूनं लागला. हातमोजे, पट्टा, नोंदणी असले न मिळणारे खर्च वजा होऊन १,७८,४०० पैकी १,५९,६५० रुपये ऑक्टोबरमध्ये खात्यावर आले. कुणी विचारलं तर मी माझी फाइल दाखवते, फोटोंसकट. आता लाज वाटत नाही.

पैसे आले त्याच दुपारी मी पतसंस्थेत गेले. पाटल्या सोडवल्या, रुमालात बांधल्या आणि घरी येऊन आत्यांच्या हातात स्वतः चढवल्या. त्यांनी आधी माझ्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "कोरडं आहे ना गं?"