एल्विस गेला, कार्यक्रम मात्र बाकी होता

अमेरिकन मालिका बघणाऱ्यांच्या कानावरून 'एल्विस हॅज लेफ्ट द बिल्डिंग' हे वाक्य गेलंच असेल. माणूस निघून गेला, आता थांबण्यात अर्थ नाही, खेळ खलास, असं सगळं त्यात येतं. मला ते जवळचं वाटतं ते एका निवेदकामुळे. मीही सांगलीकडे गाण्यांच्या कार्यक्रमांचं निवेदन करते.

अमेरिकेत लुईझियाना राज्यात श्रेव्हपोर्ट नावाचं शहर आहे. तिथून 'लुईझियाना हेराइड' हा कार्यक्रम दर शनिवारी रात्री रेडिओवर लागायचा. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये एकोणीस वर्षांचा एल्विस प्रेस्ली त्यात पहिल्यांदा गायला. पुढे करार झाला, एका कार्यक्रमाचे १८ डॉलर. दोन वर्षांत पोरगं इतकं मोठं झालं की त्याचे मॅनेजर कर्नल पार्कर यांनी १० हजार डॉलर भरून त्याला करारातून सोडवलं. शिवाय वायएमसीए या तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीसाठी एक शेवटचा कार्यक्रम करायचं ठरलं. तो झाला १५ डिसेंबर १९५६ ला, जत्रेच्या मैदानावरच्या हर्श युथ सेंटरमध्ये.

एल्विस गाऊन गेला आणि पोरापोरींची झुंबड उठली. बाकीचे कलाकार अजून गायचे होते! तेव्हा निवेदक होरेस लोगन माइकवर आले. एल्विस इमारतीतून गेलाय, मी आतापर्यंत तुम्हाला खरं तेच सांगत आलोय, तो स्टेजवरून उतरून पोलिसांबरोबर मागच्या बाजूने बाहेर पडला, असं त्यांनी सांगितलं. त्याचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं.

हे किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. मोठा गायक गाडीत बसला की हॉलमध्ये खुर्च्या करकरतात, पिशव्या आवरल्या जातात, गाडीच्या किल्ल्या वाजायला लागतात. स्टेजवर तबलजी सूर लावतोय, पुढच्या गाण्याची मुलगी विंगेत पदर सारखा करत उभी आहे. अशा वेळी नुसतं 'कृपया बसून घ्या' म्हणून कुणी बसत नाही. लोकांच्या मनात असतं, तो परत येईल का, मागच्या दाराशी दिसेल का? आधी त्याचं उत्तर द्यावं लागतं. लोगननी नेमकं तेच केलं, तेही तपशिलासकट. म्हणून मला ते फार थोर निवेदक वाटतात.

म्हणजे मुळात ही विनवणी होती, थांबा, बसा. सत्तरच्या दशकात अल डव्होरिन हे एल्विसच्या कार्यक्रमांचे निवेदक तेच वाक्य अगदी शेवटी म्हणायचे आणि 'धन्यवाद, शुभरात्री' जोडायचे. आता त्याचा अर्थ झाला, उठा, घरी जा. आइस हॉकीचे समालोचक माइक लँग यांनी ते पिट्सबर्ग पेंग्विन्सच्या सामन्यांत आणलं. पेंग्विन्सचा विजय पक्का झाला की ते हे वाक्य म्हणत.